चार इंच जास्त

चष्मेवाला येताना टेप घेऊन आला होता. जाताना ती थोरलीच्या टेबलावरच ठेवून गेला, तीन फूट चार इंच बाहेर ओढलेली आणि कळ दाबून अडकवलेली. "तुम्हीच बघा," एवढंच म्हणाला. आठ महिन्यांपूर्वी दुकानावर पाटी लागली तेव्हा हाच माणूस रस्त्यापलीकडे जाऊन तिच्याकडे तीनदा वळून बघत राहिला होता. आज एकदाही मागे वळला नाही.

थोरलीनं कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला, चिंधीला पुसला. समोरच्या पत्र्यावरचं अक्षर अर्धंच राहिलं होतं. या घरात सून म्हणून आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी तिच्या हातात कुंचला दिला. त्याला आता पस्तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत अक्षर अर्धं टाकून ती दोनदाच उठली होती: सासरे गेले तेव्हा आणि नवरा गेला तेव्हा.

"लोकांच्या टेपा अशाच असतात," मधला दीर म्हणाला. दुकानदारांशी बोलणं, काम ठरवणं, पालिकेत कागद पोचवणं, हे सगळं त्याच्याकडे. "ताणून ताणून सैल झालेल्या. दोन-चार इंच इकडचे तिकडे व्हायचेच."

"भावजी, ती कापडाची नाही. पोलादाची आहे."

मग दोघांनी मिळून उद्या जायची पाटी मोजली. दाराच्या बाजूनं मोजली, खिडकीच्या बाजूनं मोजली. मधल्यानं चष्मेवाल्याची टेप बाजूला सारून घरची मोजपट्टी आणली. तीही फितूर निघाली. तीन फूट चार इंच.

मधला स्टुलावर बसला. "म्हणजे एकेचाळीसच्या एकेचाळीस?"

थोरलीनं होकारार्थी मान हलवली.

पालिकेनं पाट्यांचा नियम काढला तेव्हा याच कारखान्यात आनंद मावत नव्हता. दुकानाच्या दर्शनी फलकाची एकूण उंची तीन फूट, त्याच्यावर बोटभरही नाही. लुकलुकणारे दिवे बंद. पाटी करायची ती नोंदणी झालेल्या कारागिरानंच, आणि मापाच्या दाखल्यावर सही त्याचीच. दुमजली छापील कापडं आठवड्याभरात खाली उतरली. हातानं अक्षरं लिहिणारं हे घर सगळ्यांनी केव्हाच निकालात काढलं होतं. आता त्याच्याच दारात दुकानदार रांग लावून उभे राहिले. नोंदणीचा पहिला क्रमांक या घराला मिळाला होता. आठ महिन्यांत एकेचाळीस पाट्या गेल्या आणि एकेचाळीस दाखल्यांवर थोरलीनं सही केली. माप खोटं निघालं तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली की कुंचले धुऊन कायमचे उलटे ठेवायचे.

आज गुरुवार होता. तपासणी सोमवारपासून होती, तशी नोटीस सकाळीच प्रत्येक दारावर चिकटली होती.

चार वाजेपर्यंत घर जमलं. मागच्या शेडमधून सुतार आला, कानावर पेन्सिल तशीच. तो या घराचा जावई, आणि घरच्या सगळ्या पाट्यांच्या चौकटी त्याच्या हातच्या. त्याच्यामागून पदर खोचत त्याची बायको आली, म्हणजे घरातली धाकटी लेक. तिला सगळे लवंगी म्हणत. चणीनं एवढीशी, पण दाताखाली आली की डोळ्यांत पाणी.

"चौकटी कोणी केल्या?" मधल्यानं विचारलं.

"दादा, हा प्रश्न आहे की निकाल?" लवंगी म्हणाली.

"मी नुसतं विचारतोय."

"तुझं नुसतं विचारणं मला ठाऊक आहे. माझं लग्न ठरलं तेव्हाही नुसतंच विचारलं होतंस, मुलगा करतो काय म्हणून. सुतार म्हटल्यावर वर्षभर बोलला नव्हतास."

"ते जुनं झालं. आत्ताचं बघ. पत्रा दिसतो तो तीन फूट, अक्षरं तीन फुटांत. चौकट वर दोन इंच, खाली दोन इंच. जास्तीचे चार इंच कुठून आले ते शेंबडं पोरही सांगेल. नाकापेक्षा मोती जड करून ठेवलाय जावईबापूंनी, यात मी काय वावगं बोललो?"

"कामं आली तेव्हा आमचं घर, आमची अक्षरं, आमचा पहिला क्रमांक. बिघडलं की जावईबापू!" लवंगी नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बोला की! तोंडात खिळे धरलेत का?"

"नाही," सुतार म्हणाला. पाटीच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला, जणू धार लागते का ते बघत होता. "चौकट माझीच आहे."

"बघ. तेच कबूल करतायत."

"चौकट माझी आहे म्हणाले ते. चूक माझी आहे म्हणाले नाहीत!"

थोरली सुताराकडे बघत होती. सुतार तिच्याकडे बघत नव्हता, आणि तेवढ्यावरूनच तिला आठवलं.

नव्या नियमाची पहिली पाटी. मापाची चिठ्ठी हातात घेऊन सुतार याच दारात उभा होता. ती एक उभी, लांबलचक रेघ ओढत होती, श्वास रोखून. "वहिनी," त्यानं विचारलं होतं, "तीन फूट ते चौकट धरून की चौकट सोडून?" मान वर न करता ती म्हणाली होती, "सोडून. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे सासऱ्यांसारखं. रंग जिथे सुरू होतो तिथून जिथे संपतो तिथवरचं माप धरायचं, अशी या घराची रीत. गावातल्या दुसऱ्या कुणाचीही नसलेली. 'चौकट भिंतीची, रंग आपला,' सासरे म्हणायचे. गिऱ्हाइकाला सांगायचं माप रंगाचंच, चिठ्ठीवर लिहायचंही तेच. दाखल्यावर 'एकूण उंची' हे दोन शब्द छापलेले होते. थोरलीनं ते एकेचाळीस वेळा वाचले होते आणि एकेचाळीस वेळा तिच्या डोळ्यांनी फक्त रंग मोजला होता.

तिनं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. एक क्षण गेला, मग दुसरा, मग चांगले दहा-बारा. भाऊ-बहिणीचं भांडण तोवर वडिलांच्या शिडीपर्यंत पोचलं होतं, ती कोणी मोडली आणि नाव कोणाचं आलं. थोरली आपल्या बोटांवरचा निळा रंग बघत बसली. आयुष्यात आपण इतक्या भित्र्या कधी नव्हतो, असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, की इतकं गमावण्यासारखंही आपल्याजवळ कधी नव्हतं.

दारात चपला वाजल्या.

"या, निरीक्षकबाई," लवंगी म्हणाली. "तुमचीच वाट बघत होतो."

मधल्याची मुलगी खांद्यावर कचेरीची पिशवी घेऊन आत आली. सात पिढ्यांत सरकारी कचेरीची पायरी चढणारी ती पहिलीच, आणि चढली ती नेमकी फलक विभागाची. टेबलावरची टेप तिनं पाहिली. भिंतीशी टेकवलेली पाटी पाहिली. चौकटीवर तिची नजर थांबली आणि तिचा चेहरा बदलला.

"मी मोजू का?" तिनं विचारलं.

"मोजून झालंय," तिचा बाप म्हणाला. "बस. पाणी पी. आता नीट ऐक. आपल्या गल्लीची तपासणी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. पण साहेब सोबत असणार आहेत. प्रत्येक मापावर त्यांची दुसरी सही. मीच मागून घेतली."

"मागून घेतलीस? कशाला?"

"पाट्या आपल्या घरच्या आहेत म्हणून, बाबा."

मधल्यानं कपाळावर हात मारला. "आपलेच दात, आपलेच ओठ! अगं, सोमवारची तपासणी महिनाभर पुढे गेली तर काय पालिकेची भिंत कोसळणार आहे? आजारी पड. दोन दिवस ताप आण."

"आणि ताप मोजायला साहेब आले तर?"

लवंगीला हसू आलं. भावाशी भांडत होती हे विसरून ती भाचीच्या शेजारी जाऊन बसली. मधला एकटा पडला, आणि तो एकटा पडला की त्याचा आवाज चढत असे.

"हसा! सोमवारी नोंदणी गेली की सगळे मिळून हसू!"

"नोटीस वाचली का कुणी?" मुलीनं विचारलं. "म्हणजे पूर्ण? खालचा बारीक भाग?"

या घरात जन्मभर हात-हात उंचीच्या अक्षरांशी व्यवहार झाला होता. मुंगीएवढी अक्षरं ही वाचायची गोष्ट असते असं इथे कुणाला वाटलंच नव्हतं.

मुलीनं दारावरची नोटीस अलगद सोडवून आणली आणि वाचली. तपासणीच्या आधी कारागिरानं आपणहून चूक लेखी कळवली आणि सात दिवसांच्या आत पाट्या दुरुस्त करून लावल्या, तर नोंदणी कायम राहील. लेखी कबुलीत चूक काय आणि कोणाची ते स्पष्ट लिहायचं. कबुलीचा कागद तीस दिवस पालिकेच्या दर्शनी फळ्यावर लावला जाईल.

"हे मी तुम्हाला घरचं म्हणून सांगत नाहीये," ती म्हणाली. "हे सगळ्यांच्या दारावर आहे."

"दर्शनी फळ्यावर," मधला सावकाश म्हणाला. "तीन पिढ्या आपण गावाच्या पाट्या लिहिल्या. आता आपली पाटी पालिका लिहिणार. हात दाखवून अवलक्षण! आणि दुरुस्ती तरी होणार आहे का? एकेचाळीस पाट्या पुन्हा रंगवायला सात दिवस?"

"रंगवायच्या कशाला?" सुतार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. इतका वेळ गप्प असलेला माणूस कामाची गोष्ट निघताच उठला होता. त्यानं पाटी पालथी केली.

"चौकट मागे घालायची. पत्र्याची अर्धा इंच कड खाचेत दडलेली असते, रंग नसलेली. ती मागच्या लाकडावर वळवून ठोकायची. पुढून नुसता रंग दिसेल. तीन फूट म्हणजे तीन फूट. अक्षराला हातसुद्धा लावायचा नाही." त्यानं कानावरची पेन्सिल काढून लाकडावर आकडे मांडले. "दिवसाला सहा होतील. सहा साते बेचाळीस. एक जास्तीचीच धरलीये."

"पावसात कड गंजेल," थोरली म्हणाली.

"आधी लाल रंगाचा हात देऊ."

"दोन हात द्या."

"देऊ."

दोघं कामाचं बोलू लागली की असंच बोलत, पत्रा कापावा तसं. मधला त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यात दुसरंच काही जुळत होतं हे थोरलीला दिसलं.

"मग झालं तर," तो म्हणाला. आवाज आता एकदम मऊ. "कबुली द्यायची. पण चूक चौकटीची लिहू. घराचं नाव अक्षरांवर आहे, चौकटीवर नाही. जावईबापूंनी सही केली की अक्षरं स्वच्छ राहतील. महिन्याभरात लोक विसरतील."

लवंगी उभी राहिली, पण ती काही बोलायच्या आत सुतारच म्हणाला, "करतो मी सही."

"तुम्ही?" लवंगी नवऱ्यावरच उलटली. "तुम्हाला काही कळतंय का? महिनाभर येता-जाता लोक तुमचं नाव वाचणार!"

"वाचू देत. आजवर माझं नाव कुठल्या पाटीवर आलंय? या निमित्तानं येईल." तो हसला, आणि त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर थोरलीला सोपं गेलं असतं.

"सही मी करणार," ती म्हणाली.

ती इतकी हळू बोलली की मधल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हणून ती पुन्हा बोलली.

"त्यांनी मला विचारलं होतं. चौकट धरून की सोडून. या दारात उभं राहून विचारलं होतं. मी सोडून म्हटलं. मान वर करून बोललेसुद्धा नाही. आणि आत्ता तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा मला ते आठवलं होतं, भावजी. तरी मी गप्प बसले. पहिली चूक सवयीची होती. दुसरीला माझ्याकडे काही सबब नाही."

लवंगीनं वहिनीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्हाला माहीत होतं?"

"विचारलं होतं एवढं माहीत होतं," सुतार म्हणाला. "वहिनी म्हणाल्या सोडून, मी सोडून केली. त्यात सांगण्यासारखं काय?"

"वहिनी," मधला म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरंच फाटला, "तुमची सही म्हणजे घर! लोक पाटी घ्यायला येतात ते तुमच्या हातासाठी. तुमचं नाव त्या फळ्यावर लागलं तर उरलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही सगळे गप्प राहायला तयार आहोत. हे स्वतः तयार आहेत. मग?"

"मग काय? दाखल्यावर माझी सही खरी म्हणून लोकांनी पाट्या लावल्या. आता कबुलीवर मी दुसऱ्याची खोटी सही घेतली, तर उद्या माझ्या दाखल्याला कोण खरं मानेल? मी तरी मानीन का?" ती थांबली. "देवाचं सोडा, भावजी. कुंचला हातात धरताना मला माझाच हात दिसतो."

मधला उठला. मुलगी आणि वहिनी यांच्यामधून, कुणाकडे न बघता, जिना चढून वर गेला. वरचं दार आपटलं नाही. नुसतं लागलं. ते जास्त वाईट होतं.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "कागद मी घरी घेऊ शकत नाही. कचेरी दहाला उघडते. खिडकी क्रमांक दोन."

"तिथे तू असशील?"

"मीच असेन. पण काकू म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

शुक्रवारी सकाळी थोरली रोजच्या नेमाप्रमाणे दोन मिनिटं डोळे मिटून बसली. काही मागितलं नाही. मग तिनं कबुली लिहिली, एका दमात, आपल्या पाटीच्या अक्षरात, खाडाखोड न करता. दहा वाजता दोन नंबरच्या खिडकीत पुतणीनं— नव्हे, तिथे ती घरची कुणीच नव्हती— निरीक्षकबाईंनी "अर्जदाराचं नाव?" असं विचारलं आणि थोरलीनं सांगितलं. शिक्का बसला. शिपायानं तिच्यादेखत कागद फळ्यावर टोचला. बाहेर पडता पडता कारागिराच्या नजरेनं तिनं तो पाहिला. जरा तिरका लागला होता. ती परत गेली, टाचणी काढली, सरळ लावला.

अकराच्या सुमारास चष्मेवाल्याच्या दुकानाला शिडी लागली. खाली सुतार आणि लवंगी, वर थोरली. वर ती स्वतःच चढली. चष्मेवाला हाताची घडी घालून दारात उभा.

"सही करताना डोळे कुठे होते?" तो अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "चष्मा हवा होता तर माझ्याकडे यायचं! आता दिवसभर माझं दुकान बोडकं. गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

थोरलीच्या हातात पान्हा होता आणि दोन स्क्रू ओठांत. ते काढून उत्तर द्यायला तिला वेळ लागला. तेवढ्यात खालून दुसराच आवाज आला.

"गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवा. मी सांगतो."

मधला होता. काल जिना चढून गेला तो आत्ता दिसत होता, इस्त्रीचा शर्ट घालून, गिऱ्हाईक ठरवायला निघाल्यासारखा.

"त्यांच्या डोळ्यांचं विचारता, तर माझेही दोन होते. दाखले पालिकेत नेऊन देणारा मी. एकेचाळीस वेळा नेले, एकदाही पाटी मोजली नाही. माप आमच्या घराचं चुकलं." भाव सांगताना काढायचा तोच आवाज त्यानं लावला होता, गरजेपेक्षा मोठा. "पाटी उद्या अकराला परत लागेल. आहे त्याहून देखणी."

पलीकडच्या बेकरीवाल्यानं मान बाहेर काढली. "ओ, माझीही काढणार काय?"

"तुमचीही!"

"कधी?"

"उद्या, चौथा नंबर!"

"आणि परत नाही लागली तर?"

"तर त्या जागी मला टांगा. उंची मोजून घ्या, तेवढं!"

बेकरीवाला हसला. चष्मेवाल्याची हाताची घडी सुटली, आणि पाटी खाली येताना तिचा एक कोपरा त्यानं आपण होऊन धरला. पाटी उतरली. भिंतीवर आठ महिन्यांचं ऊन न लागलेला एक स्वच्छ चौकोन उरला.

तेव्हा थोरलीला वरून दिसलं, की रस्त्याच्या कडेला मुलगी आणि तिचे साहेब केव्हाचे उभे आहेत. मुलगी पुढे झाली, चौकोनाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि फलक उतरल्याची वेळ वहीत लिहू लागली. मधला बापच शेवटी. तो तिच्या वहीत डोकावला.

"अकरा दहा? अकरा पाच होते. मी घड्याळ बघूनच आलो."

साहेबांनी भुवई उंचावली. मुलीनं मान वर केली नाही.

"शिडी लागली तेव्हा अकरा पाच. फलक उतरला तेव्हा अकरा दहा. मी उतरलेला फलक लिहिते."

तिनं सही केली आणि वही साहेबांपुढे धरली. साहेबांनी दुसरी सही केली.

मधल्यानं शिडीवरच्या वहिनीकडे, बहिणीकडे, जावयाकडे अशा चेहऱ्यानं पाहिलं, की आपल्याच गळ्यातला हार कुणाला दाखवावा ते त्याला समजेना.

"पाच मिनिटंसुद्धा सोडत नाही," तो म्हणाला. "कुणावर गेलीय कोण जाणे." आणि शर्टाची बाही सारखी करत तो पुढच्या दुकानात शिरला, शिडी पोचायच्या आत सांगून टाकायला.